राजीखुशीने व अक्कलहुशारीने
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय ऐकून पुष्कळजणींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला असेल. आपली खासगी माहिती कोणाला द्यावी, आणि ती देण्यास आपण दिलेली संमती खरी केव्हा मानावी, हा विषय वाण लुटण्याच्या दिवशी कोणी काढतो का? पण त्याला कारण आहे, ते मी ओघात सांगेनच. आणखी एक खुलासा आधी केलेला बरा. मी वकील नव्हे. महाडास कोर्टाजवळ एका वकिलांच्या कचेरीत मी सव्वीस वर्षे टंकलेखनाचे काम केले, एवढाच माझा कायद्याशी संबंध. दस्त टंकावयाचा, पक्षकाराला वाचून दाखवावयाचा, आणि अंगठा असला तर शाईचा पॅड पुढे सरकवावयाचा.

त्या दस्तांच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असे. आपणांपैकी ज्यांनी कधी जमिनीचा वा घराचा कागद पाहिला असेल त्यांना ते पाठ असेल. हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता, वाचून व समजून लिहून दिला असे. एकदा पोलादपूरकडच्या एक आजी आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मी वाचता वाचता 'नशापाणी' या शब्दावर आले मात्र, आजी ताडकन म्हणाल्या, "बाय, मी मिश्रीपलीकडे उभ्या जन्मात काय घेतलं नाय, ह्यो शब्द खोड." शब्द खोडता येत नाही हे त्यांना पटवून देता देता आमची पुरेवाट झाली!

हसण्यावारी जाऊ नका, त्या आजीच खऱ्या अक्कलहुशारीच्या. कागदातला एक शब्द आपल्याला लागू नाही हे त्यांनी ऐकून हेरले. बाकी बहुतेकजणी 'कुठे करू सही?' एवढेच विचारीत.

ते ठरीव वाक्य कोणी उगाच रचलेले नाही. १८७२ सालचा करार कायदा सांगतो की, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. ती मोकळ्या मनाची असली पाहिजे, म्हणजे धाकदपटशाने, अनुचित दडपणाने, कपटाने, चुकीचे सांगून किंवा गैरसमजातून मिळवलेली नसली पाहिजे. त्या काळी न्यायालयांनी पडदानशीन बायकांच्या बाबतीत आणखी एक दंडक घातला. अशा बाईने कागद लिहून दिला असेल, तर ज्याला त्या कागदाचा लाभ होतो त्यानेच सिद्ध करावयाचे की, मजकूर तिला समजावून दिला होता व तो तिला कळला होता. नुसती सही दाखवून भागत नसे. हा दंडक लक्षात असू द्या.

आता सही आणि संमती यांत अंतर किती असते, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावयास नको. हक्कसोडपत्र आपल्या घराघरांत झालेले आहे. भाऊ गाडी घेऊन न्यावयास येतो, माहेरी जेवण होते, वहिनी नवे लुगडे पुढे करते, आणि दुपारी महाडास कचेरीत कागद तयार असतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि आमच्याकडचे हक्कसोडपत्रांचे काम काही कमी झाले नाही. कोणी स्वखुशीने देते, त्यात वावगे काही नाही. भावाची परिस्थिती बेताची असते, माहेरचा उंबरा मोलाचा असतो. पण आमच्या वकीलसाहेबांची एक पद्धत होती. ते भावांना बाहेर चहाला पाठवीत, आणि बाईला दोनच प्रश्न विचारीत. तुम्ही काय देत आहात? आणि नाही दिलेत तर काय होईल? पहिल्याचे उत्तर पुष्कळजणींना येत नसे. दुसऱ्याचे उत्तर देताना काहीजणी रडत. अशा वेळी साहेब कागद बाजूला ठेवून देत व सांगत, "आठ दिवसांनी या." भाऊ रागावत, फीही बुडे.

माझे आज सांगणे एवढेच आहे की, हेच दोन प्रश्न आता मोबाइलपुढे विचारावयाची वेळ आली आहे. अंगठ्याची जागा ओटीपीने घेतली. दुकानात, गॅसच्या कचेरीत, आरोग्य शिबिरात, कर्जाच्या अर्जात, कोणीतरी म्हणते, "ताई, मेसेज आलाय ना, त्यातले सहा आकडे सांगा," आणि आपण ते सांगून टाकतो. पडद्यावर 'मी सहमत आहे' असा चौकोन असतो. तो आपण दाबला की दुकानदाराच्या मुलाने, हे पुढे कोणी पाहत नाही. ती सहीच असते, भगिनींनो. फक्त तिच्याखाली राजीखुशीचे वाक्य कोणी वाचून दाखवीत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि संमतीची कलमे लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली, ती २०२७ च्या मे महिन्यात पुरी होते. या कायद्यातील एक गंमत सांगते. आजवर आपल्या कायद्यांत माणूस म्हणजे 'तो'. 'तो' म्हटले की त्यात 'ती' आलीच, असे समजावयाचे. या कायद्यात उलट केले आहे: ज्या कोणाची माहिती आहे ती व्यक्ती सर्वत्र 'ती', आणि त्यात पुरुषही आले! केंद्राच्या कायद्यात हे प्रथमच घडले. एवढ्याने आपले काही भले होत नाही हे खरे, पण वाचताना बरे वाटले.

त्या कायद्याचे सहावे कलम म्हणजे आपल्या दस्ताच्या शेवटच्या वाक्याचेच नवे रूप आहे. संमती मोकळी हवी, ठरावीक कामापुरती हवी, माहिती मिळाल्यावर दिलेली हवी, तिला कसली अट जोडलेली नसावी, ती निःसंदिग्ध हवी आणि स्वतःच्या स्पष्ट कृतीने दिलेली हवी. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवली असेल तर तीही संमती नव्हे. युरोपातील न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी एका जर्मन सोडत कंपनीच्या खटल्यात तेथल्या कायद्याखाली हेच ठरविले. शिवाय विचारणा सोप्या भाषेत हवी, आणि मागितल्यास इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळावी, म्हणजे मराठीतही. आणि वाद निघाला तर संमती नीट घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार माहिती घेणाऱ्यावर. पडदानशीन बायकांचा तो जुना दंडक आता सर्वांनाच मिळाला म्हणा ना.

कायद्याने स्वतःच एक उदाहरण दिले आहे. एक बाई घरबसल्या डॉक्टरचा सल्ला मिळविण्यासाठी मोबाइलवर ॲप घेते. ते ॲप दोन गोष्टी मागते: उपचारासाठी तिची माहिती, आणि तिच्या फोनमधील सर्व संपर्कांची यादी. ती दोन्हींना 'हो' म्हणते. कायदा म्हणतो, पहिला होकार खरा. दुसरा खरा नव्हे, कारण ताप तपासावयास तुमच्या नणंदेचा नंबर लागत नाही. हो म्हटले तरी ते कामापुरतेच धरले जाते, ही मोठीच सोय आहे. कर्ज देणाऱ्या ॲपांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजीच बजावले की, कर्जदाराच्या फोनमधील संपर्क, फोटो आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावावयाचा नाही. हे का करावे लागले ते आपणांपैकी काहीजणींना ठाऊक आहे. हप्ता चुकला की ओळखीच्या, नात्यातल्या, शेजारच्या लोकांना फोन जात. पैसे थोडे, पण अब्रू साऱ्या गोतावळ्यात.

आता मूळ कारणाकडे येते. यंदाच्या स्मरणिकेसाठी आपण जाहिराती गोळा करीत आहोत. शिवणवर्गाच्या खोलीचे छप्पर दुरुस्त व्हावयाचे आहे, दोन पावसाळे आपण ताडपत्रीवर काढले. अशा वेळी कर्जपुरवठा करणाऱ्या एका संस्थेचा माणूस येऊन म्हणाला, "आम्ही पूर्ण पानाची जाहिरात देतो. त्याबरोबर सभासदांची यादी द्या: नाव, मोबाइल, घरात कमावते कोण आणि ते कोणत्या कंपनीत." कार्यकारिणीत यावर दोन तास चर्चा झाली. एक बाजू म्हणते, नंबर कोणाजवळ नसतात? बायकांनी ते मंडळाला दिलेलेच आहेत. आणि एखाद्या गरजू बाईला कर्ज मिळाले तर त्यात वाईट काय? मी या बाजूची थट्टा करणार नाही. सावकाराच्या दारात उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे, आणि छपराची गळती मीही पुसली आहे.

परंतु त्या वहीत आपण नाव व नंबर लिहिला तो कशासाठी? सभेचा निरोप मिळावा, सहल निघाली तर कळावे, कोणी आजारी पडली तर धावून जाता यावे म्हणून. घरधनी कोणत्या कारखान्यात, हे आपण लिहिले २०२३ च्या स्फोटानंतर. त्या नोव्हेंबरात आपल्या वसाहतीतील एका कारखान्यात अकरा माणसे गेली, आणि कोणाचे कोण कोठे आहे हे शोधताना जी धांदल उडाली तिच्यामुळे. त्या दुःखापोटी लिहिलेला रकाना आज कर्ज विकणाऱ्याच्या हाती द्यावयाचा, आणि म्हणावयाचे 'बायकांनी दिलेच आहे'? दिले ते एका कामासाठी. शेजारणीला विरजण दिले म्हणून तिने दुभती म्हैस नेऊ नये. आणि कायद्याच्या दृष्टीनेही सांगते: वही कागदावर आहे तोवर हा कायदा तिला लागत नाही, पण तीच नावे संगणकात किंवा मोबाइलमध्ये चढविली की लागतो. आपल्या चिटणीसबाईंनी ती दिवाळीत चढविली आहेत, हेही येथे सांगते.

माझी सूचना अशी आहे की, त्या संस्थेने आपली पत्रके मंडळात आणून ठेवावीत. जिला गरज असेल ती स्वतः फोन करील. जाहिरातीचे पान त्यांनी जाहिरातीच्या दराने घ्यावे. न घेतले, तर छपरासाठी आपण लाडू-चिवड्याची विक्री आणखी एका दिवाळीत करू.

आता एक नाजूक भाग. संमती कोणी द्यावयाची? १९९५ साली दिल्लीत एक अविवाहित बाई अंगावरून जास्त जाते म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीने तपासणी करावयास तिने संमती दिली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी सांगितले की, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि जीव तत्काळ धोक्यात नसताना, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय देऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने तिच्या जन्मदात्या आईचीही संमती चालत नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता असेही न्यायालयाला वाटले. तरी संमती ती संमती.

तो खटला शरीराचा होता, माहितीचा नव्हता. पण आपल्या घरांत काय चालते पाहा. कितीजणींचा आधार स्वतःच्या मोबाइलला जोडलेला आहे? हात वर करावयास मी सांगत नाही. पुष्कळ घरी नंबर मुलाचा किंवा मालकांचा असतो. अर्ज सासूबाईंचा, ओटीपी मुलाकडे. सासूबाईंच्या नावाने 'मी सहमत आहे' म्हणतो तो मुलगा, आणि त्यांना पत्ताच नसतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा स्वतःच्या ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागू लागला. दीड हजार रुपये बाईच्या नावे, पण दार उघडावयास घरातल्या पुरुषाचा फोन हवा. विधवा आणि टाकलेल्या बहिणींची त्यात जी ओढाताण झाली ती आपण सेतू केंद्रापुढच्या रांगेत पाहिली. निदान आपला आधार आपल्या हातातल्या फोनला जोडावा, एवढे तरी या वर्षी करू या. मंडळातर्फे एक दिवस त्यासाठी ठेवावा असे मला वाटते.

मुलांचे तर आणखीच. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर आईबापांची पडताळून घेतलेली संमती हवी, असे नवा कायदा म्हणतो. अजाण वयातली संमती ही संमतीच नव्हे, हे आपल्या मुलखात रखमाबाईंनी किती मोठी किंमत देऊन सांगितले! अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या त्या मुलीने मोठेपणी नांदावयास जाण्यास नकार दिला. १८८५ साली मुंबईत न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये तिला सांगण्यात आले की, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करीन असे म्हटले. अखेर तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या मानाने आपल्यापुढचा कागद लहान आहे. शाळेतून 'अपार' क्रमांकाचा संमतिअर्ज घरी येतो. तो पोराच्या हातून दप्तरात परत जाण्यापूर्वी आईने वाचावा. संमती पुढे मागे घेता येते, असे त्या अर्जातच लिहिलेले आहे; किती आयांनी ते वाचले?

सगळीकडे संमतीच लागते असे मात्र समजू नका, नाहीतर उद्या रेशन दुकानात भांडण काढाल. सरकारी लाभ देण्यासाठी, दवाखान्यातल्या आणीबाणीत, आपत्तीत मदत करण्यासाठी, आणि मालकाने नोकरीच्या कामासाठी माहिती वापरावी, यांस हा कायदा वेगळी संमती मागत नाही. आपल्या घरची माणसे कारखान्याच्या फाटकावर चेहरा दाखवून हजेरी लावतात, त्यांना तेथे 'नाही' म्हणावयाची सोय नाही. स्वीडनमध्ये एका शाळेने बावीस विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून घेतली, संमती विचारून घेतली, तरी तेथल्या अधिकाऱ्यांनी २०१९ साली त्या नगरपालिकेला दोन लाख क्रोनर दंड केला. विद्यार्थी शाळेच्या हाताखाली असतो, त्याच्या होकाराला मोकळेपणा कोठून येणार, असे त्यांचे म्हणणे. आपला कायदा मालकाला याहून सैल सोडतो. मला ते पूर्ण पटत नाही. पण निदान रक्ततपासणीचा अहवाल कोण पाहणार, एवढे तरी कामगाराने विचारावे, आणि घरी आल्यावर आपण त्याला विचारावे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आपली घरे चिखलाने भरली, तळियेची दरड त्याच दिवशी कोसळली. त्या दिवसांत ज्यांनी तांदूळ, चादरी आणल्या त्यांचे उपकार फिटणार नाहीत. मदतीसाठी नाव-पत्ता घेतला तो योग्यच. परंतु ओल्या लुगड्यात उभ्या असलेल्या बाईला पिशवी हाती देऊन फोटो काढावयाचा आणि तो गावोगाव फिरवावयाचा, ही मदत नव्हे. त्या वेळी कोणी 'नको' म्हटले नाही. नाही म्हणण्यासारखी अवस्था कोणाची होती?

एकदा दिलेला होकार परतही घेता येतो, आणि तो देणे जितके सोपे होते तितकेच परत घेणे सोपे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. आधी घडून गेले ते पुसले जात नाही, पुढचे थांबते. आणि अर्जात कोठे 'मी तक्रार करणार नाही' असे बारीक अक्षरांत लिहून घेतले असेल, तर ते कलम रद्द समजावयाचे. तक्रारीचा हक्क सहीने सुटत नाही.

शेवटी कामाचे. मागच्या मेजावर चिटणीसबाईंनी दोन कागद ठेवले आहेत, दोन्ही मराठीत, मोठ्या अक्षरांत. पहिला आजच्या फोटोंबद्दल: स्मरणिकेत छापावा काय, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकावा काय, असे दोन वेगळे रकाने. एकीला 'हो' आणि दुसरीला 'नाही' म्हणता येईल. दुसरा सभासदांच्या यादीबद्दल. ज्यांना वाचण्याची अडचण आहे त्यांच्यासाठी मी तेथे बसणार आहे. 'नाही' लिहिणारीला वाण व तिळगूळ सर्वांसारखेच मिळेल, आणि जी काहीच लिहिणार नाही तिचे 'नाही' धरले जाईल. यादीचा निर्णय कार्यकारिणी पुढच्या शनिवारी घेणार आहे. तोवर कागद मंडळाच्या कपाटात राहतील, किल्ली अध्यक्षाबाईंकडे.